कोंबडीची घरघर औषधाने जाते आणि परत येते, तेव्हा काय काय बघायचं

गोष्ट बहुतेक ठिकाणी सारखीच असते. कोंबडी रात्री खुर्र-खुर्र करते, सकाळी बघावं तर एका डोळ्यात फेस, नाकाशी ओलं, मग कोणीतरी जनावरांच्या औषधाच्या दुकानातून टायलोसिन आणतं, दोन-तीन दिवस पाण्यातून दिलं की आवाज जातो, कोंबडी परत परसात उकरायला लागते आणि विषय संपतो. मग पाऊस लागला की किंवा थंडी पडली की पुन्हा तेच. आता टायलोसिनने तेवढा फरक पडत नाही म्हणून एन्रोफ्लॉक्सॅसिन, मग डॉक्सी, मग ओळखीच्या पोल्ट्रीवाल्याने दिलेली कसलीतरी पुडी. माझं म्हणणं एवढंच आहे की घरघर दुसऱ्यांदा आली की औषध बदलायच्या आधी खुराडं बघा आणि कळपात बाहेरून कोण आलं ते बघा, कारण दरवेळी परत येणारा त्रास बहुतेक वेळा तिथूनच येत असतो.

पण ते सगळं नंतर. आत्ता तुमची कोंबडी मान वर ताणून, चोच उघडी टाकून श्वास घेत असेल, प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होत असेल, तुरा जांभळट पडला असेल तर आधी तिला बाकीच्यांपासून वेगळी काढा. पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा डालगं चालेल, खाली वर्तमानपत्र किंवा जुना सुती कपडा, तूस-भुसा नको कारण त्याची धूळ उडते. खोका सावलीत, हवा खेळती राहील पण पंख्याचा झोत थेट अंगावर येणार नाही अशा जागी ठेवा. पाणी थोड्या उंचीवर, चोचीजवळ ठेवा कारण धाप लागलेली कोंबडी वाकून प्यायचे कष्ट घेत नाही. अंगातली ताकद गेलेली असते तेव्हा अख्खे दाणे ठेवून उपयोग नाही, मऊ भात किंवा भिजवलेलं खाद्य ठेवा. पिसं फुगवून कुडकुडत बसली असेल तर खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर जुन्या पद्धतीचा, गरम होणारा पिवळा बल्ब सोडा, म्हणजे नको झालं की तिला दुसरीकडे सरकता येतं.

उचलताना छाती दाबू नका, हे जरा जोर देऊन सांगते. कोंबडीला आपल्यासारखा छाती आणि पोटामधला पडदा नसतो, तिची फुप्फुसं बरगड्यांना चिकटलेली असतात आणि फुगत नाहीत, हवा आत-बाहेर होते ती अंगभर पसरलेल्या नऊ हवेच्या पिशव्यांमुळे, आणि त्या पिशव्या चालायला छातीचं हाड मागे-पुढे हलावं लागतं. ते हाड तुम्ही घट्ट धरलंत की तिचा श्वास थांबला. मुलं प्रेमाने आवळतात तेव्हा निरोगी कोंबडी सहन करून घेते, आजारी कोंबडी हातातल्या हातात जाऊ शकते. उताणीही करू नका, आणि पायाला धरून उलटी तर अजिबात नको, कारण अन्नपिशवीत साचलेलं पाणी तोंडात येतं आणि तिथून श्वासनळीत उतरतं. एका हाताने खालून आधार, दुसरा हात पंखांवर हलका ठेवायचा.

आणि तोंडात काही ओतायचं नाही. तेल-लसूण, हळद-दूध, आल्याचा रस, माणसांचं खोकल्याचं औषध, काहीच नाही. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या अगदी मागे उघडं असतं, धाप लागलेल्या कोंबडीला ते नीट मिटता येत नाही, त्यामुळे चमच्याने सोडलेलं तेल पोटात जायच्या ऐवजी छातीत जातं आणि मग दुसऱ्या दिवशी "औषध देऊनही गेली" असं होतं. लसूण-हळदीबद्दल माझा राग नाही, खाद्यात मिसळून ती आपणहून खात असेल तर खाऊ दे, पण त्याने संसर्ग जाईल अशी आशा ठेवू नका. खुडूक मोडायला नाकात पीस ओवतात ते काहीजण सर्दीतही करतात, ते तर नकोच, आधीच सुजलेलं नाक आणखी फाटतं. नाक चोंदलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्यात, म्हणजे पेलाभर पाण्यात अर्ध्या चमच्याहून कमी मीठ, कापसाचा बोळा भिजवून घट्ट पिळायचा आणि नाकपुडीवरची खपली मऊ करून पुसून काढायची. एवढ्यानेसुद्धा पुष्कळ कोंबड्या चोच मिटून श्वास घ्यायला लागतात.

आता एक गोष्ट जिथे वाट बघायची नाही. एकीला त्रास होणं वेगळं आणि एका रात्रीत तीन-चार मेलेल्या सापडणं वेगळं. अचानक मर लागली, तोंडं सुजली, तुरे काळे-निळे पडले, आसपास कावळे किंवा बगळेही मरून पडलेत असं दिसलं तर घरगुती काही करत बसू नका, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा जनावरांच्या मदतीच्या १९६२ या नंबरला फोन लावा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या पटापट मेल्या तेव्हाही नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत जाईपर्यंत नक्की काय ते कळलं नव्हतं. घाबरून लोक उरलेल्या कोंबड्या बाजारात काढतात किंवा कापून खातात, हे कृपा करून करू नका. मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, तोंडाला मास्क बांधा, मुलांना लांब ठेवा. आणि लपवण्यात फायदाही नाही, भरपाई मिळते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही.

तसं काही नसेल, एक-दोघींचीच कुरकुर चालू असेल, तर मग शांतपणे तपासायला वेळ आहे.

पहिलं म्हणजे आजार आहे का ते ठरवा. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी पंख अंगापासून लांब धरून चोच उघडी ठेवून भराभर श्वास घेणं हा तिचा गार व्हायचा मार्ग आहे, रोग नाही. त्यात आवाज नसतो, नाक-डोळे कोरडे असतात, सावली आणि गार पाणी मिळालं की थांबतं. उलट सकाळी सहाला, हवा गार असताना, काही धावपळ न करता नुसती बसलेली कोंबडी चोच उघडी ठेवत असेल तर तो त्रास आहे. बसलेल्या निरोगी कोंबडीचा श्वास दिसतच नाही जवळजवळ, मिनिटाला साधारण १५ ते ४० च्या मध्ये असतो आणि चोच मिटलेली असते. अंडं घालायच्या आधी काहीजणी थोडा वेळ धापा टाकतात, तेही सोडून द्या.

खरी तपासणी रात्री करायची. कोंबड्या दांडीवर बसून तासभर झाला, सगळं शांत झालं की खुराड्याशी जायचं, बॅटरी न लावता, आणि नुसतं ऐकायचं. दिवसा त्यांच्या क्वक-क्वकीत काही कळत नाही. निरोगी कळपातून काहीच आवाज येत नाही, फारतर पिसांची सळसळ. जिला त्रास आहे तिच्या प्रत्येक श्वासाला बारीक खुर्र येतं, हुक्क्यातून पाणी बुडबुडावं तसं, मध्येच एखादी शिंक, तीही माणसासारखी मोठी नाही, "च्छिक" एवढीच, आणि त्यानंतर डोकं झटकते. ज्या दिशेने आवाज येतो तिथली कोंबडी हळूच उचलायची आणि तिच्या पाठीला, पंखांच्या मधोमध, कान लावायचा. आवाज नाकाशी असेल तर पाठीत ऐकू येत नाही, छातीत असेल तर तिथे स्पष्ट खरखर ऐकू येते, आणि पाठीत ऐकू आली तर प्रकरण नाका-घशाच्या पुढे गेलंय असं समजा. हे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा, डॉक्टरकडे गेल्यावर कोंबडी घाबरून गप्प बसते, आणि तेव्हा ते रेकॉर्डिंगच कामाला येतं.

दुसरं, तोंडाच्या आत बघा. दोघं लागतात, एकाने कोंबडी मांडीवर सरळ धरायची, दुसऱ्याने अंगठा आणि बोटाने चोच उघडून मोबाईलची बॅटरी मारायची, पाच-सात सेकंदांत उरकायचं, मग तिला दम खाऊ द्यायचा. वर टाळूला एक लांबट चीर दिसेल, ती सगळ्यांना असते, ती बघून घाबरू नका. जिभेच्या मागे छोटी उभी फट श्वासाबरोबर उघडते-मिटते, तेच श्वासनळीचं तोंड. ते गुलाबी आणि स्वच्छ हवं. तिथे चिकट शेंबूड असेल, पिवळट-पांढरा चीजसारखा थर असेल, रक्ताचा अंश असेल किंवा आत लाल दोऱ्यासारखं काही वळवळताना दिसलं तर त्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

सगळ्यात जास्त वेळा निघतो तो सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा गॅलिसेप्टिकम नावाच्या जंतूचा आजार. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात साबणाच्या फेसासारखे बुडबुडे, नाकाशी ओलं आणि त्यावर चिकटलेली धूळ, रात्रीची घरघर, शिंका, पण कोंबडी खात-पीत असते, अंडी थोडी कमी होतात एवढंच. पंखाच्या वरच्या बाजूला पिसांवर चिकट डाग दिसले तर समजा ती नाक-डोळा तिथे पुसतेय, ही खूण फार कामाची आहे कारण नाक तिने पुसलेलं असतं पण पंखावर डाग राहतो. आता या आजाराची मेख अशी आहे की औषधाने लक्षणं जातात, जंतू जात नाही. एकदा झाला की ती कोंबडी आयुष्यभर तो अंगात बाळगते, दिसायला ठणठणीत, आणि हवा बदलली, पिसं गळायला लागली, जागा बदलली, नवीन कोंबड्याने मारामाऱ्या केल्या, जास्त अंडी घालायला लागली, असा कसलाही ताण आला की जंतू परत डोकं वर काढतो. अंड्यातून पिल्लातही उतरतो. म्हणून ज्या घरात "दर श्रावणात यांना सर्दी होतेच" असं म्हणतात तिथे मला आधी सीआरडीचाच संशय येतो. मग टायलोसिन चाललं नाही म्हणून दुसरं, दुसरं चाललं नाही म्हणून तिसरं असं करून काही साधत नाही, उलट जंतू औषधाला सरावतो.

कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची जंतूमुळे होणारी संसर्गजन्य सर्दी, याच्यापेक्षा वेगळा ओळखू येतो. तो एकदम येतो, संसर्ग झाल्यापासून एक-तीन दिवसांत, कळपात भराभर पसरतो, डोळ्याखालचा भाग सुजून डोळा मिटतो, आणि चेहऱ्याला घाणेरडा वास येतो. एकदा तो वास आला की विसरत नाही. यालाही अँटिबायोटिक लागतं आणि यातूनही बऱ्या झालेल्या कोंबड्या वाहक राहू शकतात.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, सुरुवातीला सर्दीसारखीच दिसते म्हणून लोक फसतात. धाप, शिंका, मलूल, आणि मग हिरवी पातळ विष्ठा, पाय-पंख लुळे, मान वाकडी होऊन मागे वळते. हा विषाणू आहे, याला कुठलंही अँटिबायोटिक लागू पडत नाही, लस हाच उपाय आणि तीही आधी. साध्या सर्दीबरोबर हिरवी विष्ठा दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

तोंडात पिवळट थर, आणि तुऱ्यावर-पापणीवर काळ्या खपल्या, तर ती देवी. डासांमुळे पसरते, त्यामुळे पावसाळ्यात आणि नंतर जास्त. नुसत्या कातडीवर असेल तर बहुतेक कोंबड्या निभावून जातात, पण घशात थर धरला तर श्वास कोंडतो. तो थर नखाने किंवा चिमट्याने खरवडू नका, रक्त येतं आणि आणखी सुजतं. खाद्य नुसतीच कणी आणि शिळा भात असेल तर अ जीवनसत्त्व कमी पडूनसुद्धा तोंडात पांढरे ठिपके येतात, तिथे शेवग्याचा पाला, पालक, गाजर, पिवळा मका हे रोजच्या खाण्यात आणलं की हळूहळू फरक दिसतो.

पिल्लं मान ताणून जांभई दिल्यासारखी चोच उघडतायत, डोकं झटकतायत, पण नाक कोरडं, डोळे स्वच्छ, तर श्वासनळीतले जंत आठवा. लाल रंगाचे, नर-मादी कायमचे जोडलेले असल्यामुळे इंग्रजी वाय अक्षरासारखे दिसतात. पिल्लांनी गांडुळं आणि गोगलगायी खाल्ल्या की ते अंगात येतात, आणि गांडुळात ते वर्षानुवर्षं टिकून राहतात, त्यामुळे जंताचं औषध दिल्यावरही त्याच ओल्या वाफ्यात पिल्लं सोडलीत तर परत येणारच. फेनबेंडाझोल यावर चालतं, मात्रा वजनावर असते, ती डॉक्टरांकडून घ्या.

आणि एक प्रकार आवाज न करणारा. चोच उघडी, धाप मोठी, पण घरघर नाही, शेंबूड नाही, एकीचं दुसरीला होत नाही. हे बुरशीचं असू शकतं, भिजून बुरा आलेला पेंढा किंवा वास मारणारं खाद्य यातून ते बुरशीचे कण छातीत जातात. याला खात्रीचा उपाय नाही, म्हणून बुरा आलेली गोणी फेकताना जीव कासावीस झाला तरी फेकाच. शिवाय प्रत्येक धाप छातीतलीच असते असंही नाही. पोटात पाणी झालेली, अंडं अडकलेली, अन्नपिशवी तुडुंब घट्ट झालेली कोंबडीसुद्धा तोंड उघडून श्वास घेते कारण आतून हवेच्या पिशव्यांवर दाब येतो. पोट हाताला पाण्याच्या फुग्यासारखं लागतंय का, कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहतेय का, एवढं बघून घ्या.

आता खुराडं. कोकणात आमच्याकडे पाऊस असा तिरका येतो की जून लागला की सगळे खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री नाहीतर गोणपाट गुंडाळतात, वर मुंगूस आणि रानमांजराची भीती म्हणून फटीसुद्धा बुजवतात. आत रात्रभर कोंबड्यांचा श्वास, ओली विष्ठा, भिजलेलं तूस, आणि हवा जायला वाट नाही. त्यातून अमोनिया तयार होतो आणि तो श्वासनळीतले ते बारीक केसच मारतो जे धूळ आणि जंतू बाहेर ढकलत असतात. म्हणजे सीआरडी अंगात दबून बसलेली कोंबडी असेल तर तिचा आजार परत उसळायला याहून सोयीची जागा नाही. देशावर हेच डिसेंबर-जानेवारीत होतं, थंडी लागेल म्हणून बंद करतात. कोंबडीला कोरडी थंडी सोसते, ओली कोंदट ऊब सोसत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. पहाटे दार उघडायच्या आधी, रात्रभर बंद असताना, दाराची फट करून तिथे खाली वाकायचं, नाक कोंबडी बसते त्या उंचीला आणायचं, आणि दोन-तीन श्वास घ्यायचे. उभ्याने नाही, वाकून. डोळे चुरचुरले किंवा नाकात तिखट गेल्यासारखं झालं तर अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) आसपास किंवा पुढे गेलाय असं धरायला हरकत नाही, आणि कोंबडीला तेवढ्याने त्रास सुरू होतो. आपल्या नाकाला सवय होते म्हणून रोज खुराडं झाडणाऱ्या माणसाला कळत नाही, घरातल्या दुसऱ्या कोणालातरी वाकायला सांगा.

यावर उपाय म्हणजे कोंबड्यांच्या डोक्याच्या वर, वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन बाजूंना पट्टी उघडी ठेवायची आणि तिथे अर्धा इंची वेल्डमेश जाळी ठोकायची, म्हणजे गरम ओली हवा वरून जाते, झोत अंगावर येत नाही आणि मुंगूसही शिरत नाही. साधी कोंबडी-जाळी नको, ती मुंगूस फाडतं. पावसाची झड अडवायला ताडपत्री भिंतीला चिकटवून न बांधता छपरापासून तिरकी, बाहेर काढून बांधा. रात्रीला एका कोंबडीमागे निदान दोन चौरस फूट जागा हवी. तूस मुठीत दाबून बघा, लाडू वळला तर ओलं आहे, बदला. आणि चुन्याबद्दल एक, ओल्या गादीवर कोंबड्या आत असताना चुना भुरभुरला तर अमोनिया एकदम जास्त सुटतो, म्हणून आधी ओलं सगळं उपसा, जमीन वाळू द्या, मग चुना मारा, मग कोरडं तूस घाला, तोपर्यंत कोंबड्या बाहेर.

धुरीचंही बोलायला हवं. डास होतात म्हणून संध्याकाळी खुराड्यात शेणीचा नाहीतर कडुनिंबाचा धूर करायची पद्धत आहे, भावना चांगली आहे पण ज्या कोंबडीची छाती आधीच भरलीय तिला तो धूर मारक आहे. त्यापेक्षा खुराड्याच्या वर मच्छरदाणीचं कापड लावा आणि आसपासचं साचलेलं पाणी काढा. फ्लॅटमध्ये गॅलरीत एखादी कोंबडी पाळणाऱ्यांनी मच्छर कॉइल, उदबत्ती, फिनेल, घराचं रंगकाम आणि विशेषतः करपलेला नॉनस्टिक तवा यांच्यापासून तिला लांब ठेवावं, नॉनस्टिकच्या त्या वाफेने पक्षी काही मिनिटांत जातात.

मग प्रश्न येतो की पहिल्यांदा हे आलं कुठून. जवळजवळ दरवेळी आठवडी बाजारातून आणलेली एखादी तलंग, किंवा कोणीतरी प्रेमाने दिलेला कोंबडा. बाजारात दहा गावच्या कोंबड्या एका पिंजऱ्यात असतात. नवीन पक्षी दिसायला कितीही चांगला असो, पूर्ण एक महिना वेगळा ठेवा, म्हणजे अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वेगळी भांडी, आणि आधी आपल्या जुन्या कोंबड्यांचं करायचं, शेवटी नव्याचं, मग हात-पाय धुवायचे, चपलासुद्धा वेगळ्या. सीआरडीची लक्षणं दिसायला आठवडा ते तीन आठवडे लागू शकतात, चार दिवस वेगळं ठेवून काही कळत नाही.

औषधाचं म्हणाल तर डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलं तर पाच दिवस, तिसऱ्या दिवशी आवाज गेला तरी. आणि परसातल्या कोंबड्यांच्या बाबतीत औषध "लागू पडलं नाही" याचं एक फार साधं कारण असतं, ते म्हणजे तिने ते प्यायलंच नाही. तुम्ही औषधाचं पाणी खुराड्यात ठेवलंत आणि कोंबडी दिवसभर वाडीत फिरून डबक्यातलं, पन्हाळीखालचं पाणी पिऊन येते. कोर्स चालू असेपर्यंत तिला बंदिस्त ठेवा, दुसरं पाणी मिळता कामा नये, औषधाचं पाणी रोज ताजं करा. खूपच मलूल असेल तर ती पाणीच कमी पिते, तिथे डॉक्टर इंजेक्शन देतात तेच बरं. डॉक्सी किंवा टेट्रासायक्लिन चालू असताना शिंपल्यांचा चुरा, कॅल्शियमचं टॉनिक बाजूला ठेवा, कॅल्शियमला ते औषध चिकटतं आणि अंगात शोषलं जात नाही. अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घ्या आणि तेवढे दिवस खरंच खाऊ नका, शेजारी वाटूही नका. कोलिस्टिन असलेली पुडी कोणी दिली तर घेऊ नका, खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत त्यावर केंद्र सरकारने २०१९ मध्येच बंदी घातलीय, माणसांसाठी ते शेवटचं राखीव औषध आहे.

लसीत एक अडचण असते. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ-वनचा थेंब डोळ्यात-नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास परत लासोटा, आणि आठ आठवड्यांनंतर आर-टू-बीचं इंजेक्शन अशी साधारण देतात, पण बाटली शंभर-दोनशे डोसांची येते आणि तुमच्याकडे कोंबड्या बारा. लस एकदा विरघळवली की दोन तासांच्या आत संपवायची असते, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या महिन्यात चालत नाही. म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवून, बर्फात बाटली आणून, सगळ्यांनी एकत्र टोचून घेणं हाच मार्ग आहे, आणि त्यातच देवीची लसही पावसाच्या आधी उरकता येते. लासोटानंतर तीन-चार दिवसांनी थोड्या शिंका येतात, त्या आपोआप जातात. त्या गेल्याच नाहीत, दोन आठवडे घरघर राहिली, तर कळपात सीआरडी दबून आहे याची ती मोठी खूण. आणि आजारी कळपाला जिवंत लस देऊ नका, आधी बरं होऊ दे.

तालुक्याच्या डॉक्टरांवर गाई-म्हशींचा भार असतो, त्यामुळे जाताना तयारीने जा. कधी सुरू झालं, तेव्हा हवा कशी होती, नवीन कोण आणलं होतं, कुठलं औषध किती दिवस दिलं, अंडी किती कमी झाली, कवच मऊ किंवा सुरकुतलेलं येतंय का, विष्ठेचा रंग, आणि रात्रीचं ते रेकॉर्डिंग. अंडी वेडीवाकडी, सुरकुतलेली, आतलं पांढरं पाण्यासारखं पातळ असेल तर हे आवर्जून सांगा, त्यावरून ब्राँकायटिसचा विषाणू लक्षात येतो. दुर्दैवाने एखादी गेलीच तर पुरायची घाई करू नका, दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून बर्फात ठेवा, डीप फ्रीजरमध्ये नको, गोठलं की तपासता येत नाही. परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात, नाहीतर पुण्यात औंधच्या रोग अन्वेषण विभागात शवविच्छेदन होऊ शकतं, फोन करून विचारून मगच न्या. एका कोंबडीच्या तपासणीतून बाकीच्या अकरा जणींना नक्की कुठलं औषध द्यायचं ते कळतं, आणि अंदाजाने आणलेल्या पुड्यांचा खर्च जोडलात तर तपासणी स्वस्तच पडते.

सीआरडीच निघाला तर पुढे काय, हे सगळ्यात अवघड. आमच्या घरी एक तांबडी आहे, तिला हा आहे, आणि ती घरातली आहे, तिला काढून टाकायचा विचार आम्ही कोणीच करत नाही. अशा वेळी कळप बंद करायचा, म्हणजे नवीन पक्षी आणायचा नाही आणि आपला एकही पक्षी, पिल्लू किंवा उबवायची अंडी बाहेर द्यायची नाहीत, नात्यातल्यांनासुद्धा नाही, कारण तुमची भेट त्यांच्या कळपात कायमची राहील. वळचणीची जाळी मारल्यापासून आणि पावसाच्या तोंडावर तूस पूर्ण बदलायला लागल्यापासून तांबडीची घरघर आली तरी फेस आणि एखाद्या शिंकेवर थांबते, खाणं सुटत नाही. पिसं गळायच्या दिवसांत तिच्या खाद्यात थोडा सुकट किंवा उकडलेलं अंडं घालतो, कोंबड्याला तिच्यापासून लांब ठेवतो, आणि डोळ्यात फेस दिसला की त्याच दिवशी वेगळी करतो.

पुढेमागे नव्याने सुरुवात करायची असेल तर जुना शेवटचा पक्षी गेल्यावर खुराडं पूर्ण उपसून, धुऊन, चुना मारून निदान तीन-चार आठवडे रिकामं, उन्हात उघडं ठेवा. हा जंतू पक्ष्याच्या अंगाबाहेर काही दिवसच टिकतो, त्यामुळे एवढं पुरतं. मग पिल्लं आणा ती लस दिलेली, खात्रीच्या उबवणी केंद्रातून, सगळी एकाच वेळी.